वाचक विचारतात : ४८ तासांत गेम

थीम ऐन वेळी जाहीर होते आणि ठरलेल्या तासांत तिच्यावर खेळता येईल असा गेम जमा करायचा असतो. याला गेम जॅम म्हणतात. ‘लुडम डेअर’ २००२पासून भरतो, ‘ग्लोबल गेम जॅम’ २००९पासून आणि ‘जीएमटीके गेम जॅम’ २०१७पासून. शेवटच्यानं २०२४मध्ये ४८ तासांचे ९६ केले, तरी शनिवार-रविवारचा जॅम हीच अजून सर्वसाधारण रीत आहे. आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न दोन टोकांचे आहेत. गेम ठरवताना हात सैल सुटतो, आणि शेवटच्या तासात ब्राउझर दगा देतो.

आम्ही तिघं अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. पहिल्याच जॅममध्ये पाच लेव्हल, एक दुकान आणि शेवटी मोठा राक्षस असा प्लॅटफॉर्मर (उड्या मारत पुढे जायचा गेम) ठरवला. रविवारी रात्री हातात दोन अर्धवट लेव्हल आणि न चालणारं दुकान उरलं. पुढच्या वेळी नेमकं काय कापायचं? — पुणे

आधी दुकान. यादीत ते एका ओळीचं दिसतं, पण त्याच्या पोटात नाणी, नाण्यांची मोजणी, वस्तूंचे भाव, खरेदीचा स्क्रीन, घेतलेल्या वस्तूचा परिणाम आणि पैसे कमी पडल्यावरचा संदेश अशी सहा कामं असतात. त्यातल्या एकाही कामानं उडी मारायला जास्त मजा येत नाही.

मग तासांचा हिशेब कागदावर मांडा. दोन रात्रींची झोप १४ तास, जेवणखाण-अंघोळ ५, थीमवरची चर्चा ३, शेवटचं एक्सपोर्ट (खेळता येईल अशी फाइल काढणं) आणि अपलोड ४. ४८मधून हे २६ वजा केले की उरतात २२. त्यातले निम्मे चुका शोधण्यात जातात असं धरून चाला. म्हणजे नवीन काही घडवायला माणशी ११ तास. पाच लेव्हल, दुकान आणि राक्षस एवढ्यात बसत नाहीत, हे शुक्रवारी रात्रीच दिसलं असतं.

गेम एका क्रियापदात सांगता आला पाहिजे : ढकलणे, चिकटणे, फेकून परत आणणे. डिसेंबर २०१३च्या लुडम डेअरची थीम होती ‘तुम्हाला एकच मिळेल’. त्यातून निघालेल्या ‘टायटन सोल्स’मध्ये खेळाडूकडे एकच बाण असतो. तो मारायचा आणि परत मिळवायचा. बाणांचे प्रकार नाहीत, भाता नाही, दुकान तर नाहीच. पुढे २०१५मध्ये तो पूर्ण गेम म्हणून विक्रीला आला, तेव्हाही तो एक बाण कायम होता.

टप्पे असे ठेवा. शनिवारी दुपारी जेवायच्या आधी राखाडी चौकोनांनी का होईना, ते एक क्रियापद चालत असलं पाहिजे. ते चौकोनांत कंटाळवाणं वाटलं तर चित्रं काढूनही कंटाळवाणंच राहतं, पण तेव्हा कल्पना बदलायला वेळ असतो. शनिवारी रात्री झोपण्यापूर्वी सुरुवातीचा स्क्रीन, एक लेव्हल, हरणं, जिंकणं आणि पुन्हा सुरू करणं हे सगळं जोडलेलं हवं. रविवारी दुपारी बारानंतर नवीन काही घ्यायचं नाही, फक्त दुरुस्ती, आवाज आणि रंगरंगोटी.

आणखी एक, जे बहुतेक संघ उलटं करतात : पहिली लेव्हल सर्वांत शेवटी बांधा. तिच्यात खेळाडूला शिकवायचं असतं, आणि काय शिकवायचं हे बाकीच्या लेव्हल झाल्याशिवाय तुम्हालाच कळलेलं नसतं. मधली लेव्हल आधी, मग अवघड, मग पहिली. राक्षसाऐवजी त्याच क्रियापदाची सर्वांत कठीण खोली शेवटी ठेवली तरी शेवट झाल्यासारखा वाटतो.

गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला गेम माझ्या लॅपटॉपवर नीट चालतो. इच डॉट आयओ या गेम ठेवायच्या संकेतस्थळावर चढवला की काळा स्क्रीन येतो, किंवा काही चित्रंच गायब होतात. — कोल्हापूर

काळा स्क्रीन आणि गायब चित्रं हे दोन वेगळे आजार आहेत. दोन्हींसाठी आधी ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून कन्सोल (चुकांची नोंद दाखवणारी खिडकी) उघडा. लाल अक्षरांतली पहिली ओळ वाचा, शेवटची नाही. पुढच्या चुका बहुधा पहिलीच्याच पोटी जन्मलेल्या असतात.

कन्सोलमध्ये ‘शेअर्ड-अ‍ॅरे-बफर’ किंवा ‘क्रॉस ओरिजिन आयसोलेशन’ हे शब्द दिसले तर कारण थ्रेडचं, म्हणजे एकाच वेळी समांतर कामं चालवण्याचं, आहे. गोडो ४च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा वेब एक्सपोर्ट थ्रेडशिवाय चालत नसे, आणि थ्रेडसाठी सर्व्हरकडून विशिष्ट हेडर (पानासोबत येणाऱ्या सूचना) लागतात. ४.३पासून एक्सपोर्टच्या पर्यायांत ‘थ्रेड सपोर्ट’ बंद ठेवता येतं. ते बंदच ठेवा. जुन्या आवृत्तीवर असाल तर इचच्या गेम-पानाच्या सेटिंगमध्ये ‘शेअर्ड-अ‍ॅरे-बफर सपोर्ट’ची खूण करा. रेंडरर, म्हणजे चित्र उमटवणारी यंत्रणा, तीही पाहा : वेबवर ‘कम्पॅटिबिलिटी’ हाच चालतो. ‘फॉरवर्ड प्लस’मध्ये जमवलेली प्रकाशयोजना वेबवर वेगळी दिसते, म्हणून प्रोजेक्ट सुरू करतानाच कम्पॅटिबिलिटी निवडावा. आणि गोडो ४मध्ये सी-शार्प वापरलंत तर वेब एक्सपोर्ट विसरा. जॅमसाठी गोडोची स्वतःची भाषा जीडीस्क्रिप्टच बरी.

गायब चित्रांमागे बहुतेक वेळा लहान-मोठ्या लिपीचा घोळ असतो. फाइलचं नाव मोठ्या ‘पी’नं सुरू होतं आणि कोडमध्ये लहान ‘पी’ लिहिलाय. विंडोजला दोन्ही सारखेच, म्हणून लॅपटॉपवर चालतं. एक्सपोर्ट केलेल्या पॅकमध्ये ती दोन वेगळी नावं असतात. शुक्रवारीच ठरवून टाका : सगळी नावं लहान लिपीत, मध्ये जागा नाही, जोडायला अंडरस्कोर. संवाद टीएक्सटी फाइलमध्ये ठेवले असतील तर तीही फाइल आपोआप पॅकमध्ये जात नाही. एक्सपोर्टच्या ‘रिसोर्सेस’ टॅबमधल्या फिल्टरमध्ये तिचा प्रकार लिहावा लागतो.

झिप करताना फोल्डर झिप करू नका. आतल्या फाइली निवडून झिप करा, म्हणजे इंडेक्स डॉट एचटीएमएल सर्वांत वरच्या पातळीवर येईल. उलगडल्यावर १,००० फाइली, एकूण ५०० एमबी आणि एका फाइलला २०० एमबी या इचच्या मर्यादा आहेत. जॅमचा गेम तिथवर जायला नकोच. गेला तर दोष बहुधा संगीताचा : दोन मिनिटांचं स्टिरिओ गाणं डब्ल्यूएव्हीमध्ये साधारण २१ एमबी होतं, तेच ऑगमध्ये १२८ केबीपीएसला २ एमबीच्या आत मावतं. छोटे आवाज डब्ल्यूएव्ही, संगीत ऑग. एमपी३ टाळा, कारण त्याच्या टोकांना किंचित शांतता जोडली जाते आणि फिरून वाजताना उचकी लागते.

इंडेक्स फाइलवर डबल-क्लिक करून गेम तपासायला गेलात तर तो चालणार नाही. ब्राउझर स्थानिक फाइलींना बाकीच्या फाइली वाचू देत नाही. गोडोमधूनच ‘रन इन ब्राउझर’ करा.

आता ब्राउझरच्या चार सवयी. खेळाडूनं एकदा क्लिक केल्याशिवाय किंवा कळ दाबल्याशिवाय आवाज सुरू होत नाही, म्हणून आधी ‘सुरू करा’ असं बटण असलेला स्क्रीन हवाच. त्या क्लिकनंच कीबोर्ड गेमच्या चौकटीकडे येतो. एस्केप दाबलं की फुलस्क्रीन सुटतो, त्यामुळे पॉजसाठी ‘पी’ घ्या. आणि कंट्रोलवर ‘वाकणे’ ठेवू नका : वाकून पुढे जाताना कंट्रोल आणि डब्ल्यू एकत्र दाबले गेले की टॅब बंद, गेम गेला आणि खेळाडूही गेला.

पहिलं अपलोड शनिवारी रात्रीच करा, गेम कितीही कच्चा असला तरी. पान खाजगी ठेवता येतं. वरच्यापैकी कुठलाही आजार तेव्हा सापडला तर तो अर्ध्या तासाचा असतो. रविवारी रात्री शेवटच्या वीस मिनिटांत सापडला तर त्याला औषध नाही.

गेममधला मजकूर मराठीत ठेवला. ‘मित्र’ या शब्दाचे तुकडे झाले, वेलांटी भलतीकडे गेली. वेबवर तर नुसते चौकोन. — नागपूर

तुकडे आणि चौकोन यांची कारणं वेगळी आहेत. चौकोन म्हणजे फाँटमध्ये ते अक्षरच नाही. गोडोच्या मूळ फाँटमध्ये देवनागरी नसते. लॅपटॉपवर तो गुपचूप संगणकातला दुसरा फाँट उसना घेतो, म्हणून तिथे सगळं ठीक दिसतं. वेबवर ही उसनवारी चालत नाही. नोटो सान्स देवनागरी, मुक्त किंवा बलू यांपैकी एक फाँट प्रोजेक्टमध्ये ठेवा आणि थीमचा मूळ फाँट म्हणून लावा. मुक्त आणि बलू हे दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’चे आहेत. तिन्ही खुल्या परवान्याचे असल्यानं गेमसोबत देता येतात.

तुकडे होतात ते मांडणीमुळे. युनिकोडमध्ये ‘मि’ हे आधी म, मग वेलांटी असं साठवलेलं असतं. दाखवताना वेलांटी डावीकडे न्यायची आणि त-र जोडून ‘त्र’ करायचा, हे काम मजकूर मांडणाऱ्या यंत्रणेचं. गोडो ४ ते करतो. युनिटी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमधला मजकूर दाखवणारा टेक्स्टमेशप्रो करत नाही, आणि फाँट बदलूनही फरक पडत नाही. युनिटीवरच असाल आणि शब्द थोडे असतील तर इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पीएनजी चित्र म्हणून आणा. जॅमच्या वेळेत एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

संवाद एकेक अक्षरानं उमटवायचा परिणाम हवा असेल तर इंग्रजीसाठी लिहिलेला कोड इथे फसतो. ‘स्त्री’ लिहिताना आधी स, मग पाय मोडलेला स्, मग स्त असं लुकलुकत राहतं. गोडोच्या लेबलमध्ये ‘व्हिजिबल कॅरॅक्टर्स बिहेविअर’ हा गुणधर्म ‘आफ्टर शेपिंग’वर ठेवा. मग पूर्ण ओळ आधी जुळते आणि नंतर उलगडत जाते. एकेक शब्दानं उमटवलं तरी वाचायला छानच लागतं, आणि कोड निम्मा होतो.

पिक्सेल-आर्टच्या गेममध्ये देवनागरी ८ पिक्सेलांत बसवायच्या नादी लागू नका. शिरोरेषा, वर मात्रा-रफार, खाली उकार यांना मिळून जागाच उरत नाही. प्रोजेक्टच्या ‘स्ट्रेच मोड’ला ‘व्ह्यूपोर्ट’ऐवजी ‘कॅनव्हास आयटम्स’ निवडा. चित्रं जाड पिक्सेलांची राहतात आणि अक्षरं स्क्रीनच्या खऱ्या रेझोल्यूशनवर उमटतात. लेबलची उंची अंगासरशी ठेवू नका, ‘र्की’चा रफार आणि ‘कृ’चा ऋकार कापला जातो.

जॅममधले गेम खेळून मतं देणारे जगभरचे असतात, त्यामुळे सूचना कळांच्या चित्रांनी द्या. नाव आणि संवाद मराठीत राहू द्या, खाली लहान इंग्रजी ओळ पुरते.

उडी ‘बरोबर’ वाटत नाही. आकडे बदलून बदलून शनिवार गेला. — ठाणे

आकडे चाचपडू नका, काढा. किती उंच उडायचं आणि शिखरावर पोहोचायला किती वेळ, एवढ्या दोनच गोष्टी ठरवायच्या. ३२० × १८० चा स्क्रीन आणि १६ पिक्सेलांची टाइल (लेव्हल ज्या चौकोनांनी बांधतात तो एक चौकोन) धरू. उडी तीन टाइल म्हणजे ४८ पिक्सेल, वेळ ०.४ सेकंद. गुरुत्व = २ × उंची ÷ वेळेचा वर्ग, म्हणजे ९६ ÷ ०.१६ = ६००. सुरुवातीचा वेग = २ × उंची ÷ वेळ, म्हणजे २४०. उतरताना गुरुत्व दीडपट, ९०० करा, नाहीतर खेळाडू फुग्यासारखा तरंगतो. चढताना बटण सोडलं तर वरचा वेग निम्मा करा. छोटी उडी फुकटात मिळते.

या आकड्यांनी हवेतला वेळ साधारण ०.७३ सेकंद होतो. आडवा वेग सेकंदाला १०० पिक्सेल असेल तर उडी ७३ पिक्सेल जाते, म्हणजे साडेचार टाइल. म्हणून सोपी दरी तीन टाइलची, अवघड चारची, पाचची ठेवूच नका. लेव्हल आखण्याआधी हे ठरलं की अर्धी भांडणं मिटतात. एकदा लेव्हल बांधायला घेतल्यावर मात्र या आकड्यांना हात लावायचा नाही.

मग दोन सवलती द्या. कडा सोडल्यानंतरही ०.१ सेकंद, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमच्या हिशेबानं सहा फ्रेम, उडी मारू द्या. आणि जमिनीला टेकण्याआधी ०.१ सेकंदात बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेवून टेकताच उडवा. खेळाडूच्या या लक्षातही येत नाहीत, पण नसल्या की तो म्हणतो, ‘मी दाबलं होतं!’ काट्यांचा इजा करणारा चौकोन चित्रापेक्षा प्रत्येक बाजूनं २-३ पिक्सेल लहान ठेवा.

गोडोत नेहमी होणारी एक चूक : मूव्ह-अँड-स्लाइड हे खेळाडू हलवणारं तयार फंक्शन फ्रेमचा वेळ स्वतःच हिशेबात घेतं, म्हणून वेगाला डेल्टानं (एका फ्रेमच्या वेळेनं) गुणायचं नाही. गुरुत्व मात्र डेल्टानं गुणूनच वेगात मिळवायचं. यात उलटापालट झाली की खेळाडू एकतर गोगलगाय होतो किंवा छतातून निघून जातो.

स्वस्त कीबोर्डवर डावा बाण, वरचा बाण आणि स्पेस एकत्र दाबले तर तिसरी कळ पोहोचतच नाही. उडी झेडवरही ठेवा आणि बाणांबरोबर डब्ल्यूएएसडीही चालू द्या.

चौघांचा संघ आहे. सगळ्यांचं काम एकत्र ठेवायला गिट वापरतो, तरी दर दोन तासांनी सीन फाइल (गेमच्या एका भागाची मांडणी) फुटते. — पणजी

फाइल गिट फोडत नाही. एकच सीन दोघं उघडून बसता, म्हणून ती फुटते. खेळाडू, शत्रू, मेनू आणि प्रत्येक लेव्हल यांचे वेगळे सीन करा, आणि एका वेळी एका सीनचा एकच मालक. मुख्य सीनमध्ये फक्त हे तुकडे जोडलेले असावेत. एका खोलीत बसला असाल तर सीनचं नाव लिहिलेली चिठ्ठी ज्याच्या टेबलावर, त्यानंच ती उघडायची. ही पद्धत कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा चांगली चालते.

गोडोचं ‘डॉट गोडो’ फोल्डर आणि युनिटीचं ‘लायब्ररी’ फोल्डर गिटमध्ये जाऊ देऊ नका. गोडोच्या ‘डॉट इम्पोर्ट’ आणि युनिटीच्या ‘डॉट मेटा’ फाइली मात्र गेल्याच पाहिजेत. मेटा गिटमध्ये टाकायच्या राहून गेल्या की दुसऱ्याच्या लॅपटॉपवर सगळे संदर्भ तुटतात. शेवटच्या चार तासांत मर्ज (सगळ्यांचे बदल एकत्र जोडणं) एकानंच करायचं, बाकीच्यांनी खेळून चुका लिहायच्या.

मला चित्र काढता येत नाही आणि संगीतातलंही कळत नाही. एकट्यानं उतरावं का? — रत्नागिरी

उतरा. चार रंग ठरवा : पार्श्वभूमी, जमीन, खेळाडू, धोका. धोक्याचा रंग दुसऱ्या कशालाही द्यायचा नाही. एवढ्या शिस्तीनं नुसते चौकोनही नीटनेटके दिसतात, आणि पाच ठिकाणांहून गोळा केलेल्या सुंदर चित्रांपेक्षा बरे दिसतात. तयार चित्रं हवीच असतील तर केनी या मोफत गेम-चित्रं देणाऱ्याच्या संकेतस्थळावरची सीसी-झिरो परवान्याची (कुणालाही विनाअट वापरता येणारी) घ्या, पण एकाच संचातली.

आवाजासाठी ‘एसएफएक्सआर’ वापरा. ते २००७च्या लुडम डेअरसाठीच कुणीतरी लिहिलेलं साधन आहे आणि आता ब्राउझरमध्येही चालतं. उडी, नाणं, स्फोट अशी बटणं दाबत जायची, आवडलेला आवाज साठवायचा. वीस मिनिटांत सगळे आवाज होतात. लोक हे काम शेवटच्या तासावर ढकलतात आणि मुका गेम जमा करतात. शनिवारी संध्याकाळीच उरका. फक्त नियम वाचा : लुडम डेअरच्या एकट्याच्या ४८ तासांच्या ‘कॉम्पो’त सगळं तिथंच आणि स्वतः केलेलं लागतं, ७२ तासांच्या ‘जॅम’मध्ये तयार साहित्य चालतं.

सिनेमातलं गाणं पार्श्वसंगीत म्हणून वापरलं तर? पैसे तर घेत नाही. — सोलापूर

नाही चालत. फुकट दिलं तरी हक्क ज्याचे त्याचेच राहतात. शिवाय कुणी गेमचा व्हिडिओ चढवला तर दावा त्याच्यावर येतो, म्हणून असे गेम दाखवायला लोक कचरतात.

मुलगा बारावीत आहे. दोन रात्री जागेन म्हणतो. जागू द्यावं का? — सातारा

झोपू द्या. पहाटे चारला लिहिलेला कोड सकाळी दहाला पुसावा लागतो, तेव्हा जागून तास वाढत नाहीत. त्याला हवी असेल तर एक मदत करा : रविवारी दुपारी गेम तुम्ही स्वतः खेळा, आणि त्याला शेजारी गप्प बसायला सांगा. तुम्ही कुठे अडता हे त्यानं फक्त लिहायचं, सांगायचं नाही. करणाऱ्याला दोन दिवसांत स्वतःचा गेम इतका येतो की तो फार अवघड झालाय हे त्याला दिसत नाही. तुम्ही जिथे तीनदा मराल तिथली दरी एक टाइलनं कमी करायची.

गेम वेळेत जमा झाला, पण मतं फक्त सहा पडली. — न्यू जर्सी

डाउनलोड करायचा एक्झी (विंडोजवर चालणारी फाइल) दिला होता, असं पत्रात पुढे लिहिलंय. कारण तेच. अनोळखी एक्झीवर विंडोज इशारा देतं, मॅकवाल्यांना तो उघडतच नाही. ब्राउझरमध्ये चालणारा गेम एका क्लिकवर सुरू होतो. पानावरचं चित्र गेममधल्या सर्वांत भरलेल्या क्षणाचं घ्या, शीर्षकाचं नको. कळा पानावरही लिहा.

आणि दुसऱ्यांचे गेम खेळून मतं द्या, दोन ओळी नीट लिहा. लुडम डेअरवर निकालात गुण दिसायला किमान २० मतं लागतात, आणि ती मतदानाचे पहिले काही दिवस रोज पाच-सहा गेम खेळणाऱ्याला सहसा मिळतात.

मुदत संपल्यावर दुसरी लेव्हल अडकते असं कळलं. फाइल बदलू का? — छत्रपती संभाजीनगर

त्या जॅमचा नियम पाहा. लुडम डेअर गेम बंद पाडणारी चूक दुरुस्त करू देतो, नवीन लेव्हल घालू देत नाही. इचवरच्या अनेक जॅममध्ये मतदान संपेपर्यंत फाइल बदलताच येत नाही. तसं असेल तर पानावर सर्वांत वर लिहा : ‘दुसऱ्या लेव्हलमध्ये अडकलात तर आर दाबा.’ यासाठी आर दाबल्यावर लेव्हल पुन्हा सुरू होण्याची सोय मात्र शनिवारीच घातलेली असावी लागते. गोडोत ती दोन ओळींची आहे.